चांदणी ज्याच्या दारीं

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडेल, हें मी जाणून आहें. चौतीस वर्षें खडू आणि फळा यांच्या संगतींत घालविलेल्या, साठी उलटलेल्या मास्तरानें नभोवाणीवरून बीअरविषयीं बोलावें, हें तसें चमत्कारिकच. म्हणून आरंभींच सांगतों कीं, कोणीं पेला हातांत घ्यावा असें सांगण्यासाठीं मी येथें आलेलों नाहीं. मला सांगावयाचें आहे तें जर्मनींतील एका लहानशा गांवाविषयीं आणि तेथील एका सामायिक भट्टीघराविषयीं. जी वस्तु माणसाला हां हां म्हणतां बेताल करते, तिला त्या गांवानें सहाशें वर्षें तालावर कसें ठेवलें, हा माझ्या भाषणाचा विषय आहे.

गेल्या वर्षीं न्यूरेंबर्ग येथें माझ्या मुलीच्या घरीं दोन महिने राहण्याचा योग आला. किल्ला पाहून झाला, प्रार्थनामंदिरें झालीं, पदार्थसंग्रहालयें झालीं. मग एके दिवशीं जांवई म्हणाले, "अण्णा, आतां एक भट्टी पाहूं या." मी त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिलों. माझ्या घरीं ही वस्तु कधीं आली नाहीं, आणि भट्टी या शब्दाला आमच्या बाजूस जो वास चिकटलेला आहे तो कांहीं सुगंध नव्हे. परंतु त्यांनीं थोडक्यांत जी हकीकत सांगितली तिच्यांत 'पाळी' हा शब्द आला, आणि माझें कुतूहल जागें झालें. मी बागलाणांतला माणूस. पाटाचें पाणी पाळीनें घ्यावें, आपली पाळी संपली कीं बारें शेजाऱ्यासाठीं मोकळें करावें, हें ज्या मुलखांत शेंकडों वर्षें चालत आलें तेथला. बीअरची पाळी ती कशी असते, हें पाहावयास मी निघालों.

न्यूरेंबर्गहून आगगाडी पूर्वेकडे वायडेन शहरास जाते. तेथें गाडी बदलून थोडेंसें उत्तरेस गेलें कीं विंडिशेशेनबाख हें स्थानक लागतें. बव्हेरिया राज्याचा हा ओबरफाल्त्स नांवाचा भाग. झेक देशाची सीमा येथून फार दूर नाहीं. गांवाच्या नांवांतच थोडा इतिहास आहे. 'विंडिश' म्हणजे स्लाव लोकांचें, आणि 'एशेनबाख' म्हणजे ॲश नांवाच्या झाडांचा ओढा. वस्ती पांच हजारांच्या आसपास. वाल्डनाब आणि फिख्टेलनाब या दोन नद्या येथें एकमेकींस मिळतात, आणि जवळच उंचावर नॉयहाउस ही जुळी वस्ती आहे. तेथील जुन्या गढीच्या बुरुजाला लोक 'लोण्याचें पिंप' अशा अर्थाच्या नांवानें ओळखतात. लोणी घुसळण्याच्या तिकडील उभ्या भांड्यासारखा त्याचा आकार आहे.

भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांना हें गांव वेगळ्याच कारणानें ठाऊक असेल. पृथ्वीच्या कवचाच्या पोटांत काय आहे हें पाहण्यासाठीं जर्मन शास्त्रज्ञांनीं या शिवारांत एक विवर खणलें, आणि १९९४ सालीं तें ९,१०१ मीटर खोल गेलें. तळाशीं उष्णता २६० अंश सेंटिग्रेडहून अधिक निघाली. एवढें खोल विवर ज्या गांवाच्या हद्दींत आहे, तेथें पाहुणे येतात ते मात्र पुरुष-दोन पुरुष खोलीच्या तळघरांतील बीअरसाठीं!

या बीअरला 'त्सोइग्ल' म्हणतात. जर्मन भाषेंत खुणेला 'त्साइखेन' असा शब्द आहे. त्याचेंच हें तिकडील बोलींतलें रूप. ही खूण कसली, तें पुढें सांगेन. प्रथम हक्काची गोष्ट. इ. स. १४१५ मध्यें नॉयहाउसच्या रहिवाशांना आणि १४५५ मध्यें विंडिशेशेनबाखच्या रहिवाशांना बीअर करण्याचा हक्क मिळाला. आपल्या जुन्या भाषेंत त्याला वतन म्हणावें. फरक इतकाच कीं, हें वतन माणसाला दिलेलें नाहीं, घराला दिलेलें आहे. घर विकलें तर हक्क घराबरोबर जातो. माणूस परगांवीं राहावयास गेला तर तो हक्क बरोबर बांधून नेऊं शकत नाहीं. हक्क आला तरी प्रत्येक घरीं मोठा हंडा आणि भट्टी बसविणें कोणाला परवडणार? शिवाय दाट वस्तींत घरोघर एवढा जाळ करणें म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून सर्वांनीं मिळून एक भट्टीघर केलें. चावडी जशी गांवाची, तसें तें सर्वांचें. ज्याला बीअर करावयाची असेल त्यानें दिवस ठरवावा, आपलें धान्य आणावें, आपले श्रम करावे, आणि वापराबद्दल ठराविक रक्कम द्यावी. त्या रकमेला 'हंड्याचे पैसे' अशा अर्थाचा शब्द तेथें रूढ आहे. त्यांतूनच भट्टीघराची डागडुजी होते.

अशीं सामायिक भट्टीघरें जर्मनींत एके काळीं पुष्कळ गांवीं होतीं. त्सोइग्लचीं भट्टीघरें आज पांच ठिकाणीं चालू आहेत: विंडिशेशेनबाख, नॉयहाउस, मिटरटाइख, फाल्केनबेर्ग आणि एस्लार्न. विंडिशेशेनबाख व नॉयहाउस मिळून हा हक्क प्रत्यक्ष बजावणारीं घरें जेमतेम डझन-दीड डझन.

आम्ही नॉयहाउसच्या भट्टीघरांत शिरलों तेव्हां सकाळपासून जाळ चालू होता. चुलीच्या तोंडाशीं लांकडांच्या ढलप्या रचलेल्या, वर प्रचंड हंडा, आणि सगळ्या खोलींत वाफ. वास मात्र मीं भीत होतों तो नव्हता. धान्य भाजतांना आणि पेज शिजतांना जो वास येतो, त्या दोहोंचें तें मिश्रण होतें. हंड्याशीं उभा असलेला गृहस्थ माझ्याच वयाचा. हा त्याचा पोटाचा धंदा नव्हे. त्यानें जन्मभर दुसरें काम केलें आणि वडिलांचें पाहून हें शिकला. जांवई दुभाष्या झाले आणि माझी शिकवणी सुरू झाली.

येथें एक शब्द प्रथम बाजूला ठेवला पाहिजे. आपण 'दारू गाळणें' म्हणतों तें बीअरला लागू पडत नाहीं. हातभट्टींत आंबलेला रस तापवून त्याची वाफ धरतात. बीअरमध्यें वाफ धरावयाचीच नसते. जाळ आधीं आणि आंबवणें मागाहून, असा तिचा क्रम आहे. म्हणूनच तिच्यांतील मद्याचें प्रमाण बेताचें, शेंकडा पांचाच्या आसपास, राहतें.

तिचें मुख्य द्रव्य जव. जव भिजवून त्यांना मोड आणावयाचे, आणि मोड जरा वर येतांच ते वाळवून जागच्या जागीं थांबवावयाचे. आपल्याकडे बाळासाठीं नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, त्यांतलाच हा प्रकार. मोड फुटतांना दाण्याच्या पोटांत असें द्रव्य तयार होतें कीं, जें पिठाची साखर करतें. हे भरडलेले जव गरम पाण्यांत कालवून ६० ते ७० अंशांच्या दरम्यान कांहीं काळ ठेवले कीं तें पिठूळ पाणी गोड होतें. उष्णता फार वाढली तर साखर करणारें द्रव्य मरतें. कमी पडली तर काम अर्धवट राहतें. मग चोथा वेगळा करून तो गोड रस हंड्यांत उकळतात आणि त्यांत हॉप टाकतात. हॉप ही एक वेल. वनस्पतिशास्त्राप्रमाणें ती भांगेच्या कुळांतली, पण भांगेची नशा तिला नाहीं. मादी वेलीला लागणारे तिचे हिरवे फुलोरे कडू असतात. त्या कडूपणामुळें गोडी आटोक्यांत राहते आणि बीअर नासण्यास उशीर लागतो.

यजमानानें एका लहान पेल्यांत हंड्यांतील रस मला दिला. अद्याप आंबलेला नसल्यामुळें त्यांत मद्याचा अंश नव्हता, तेव्हां माझ्या मनानेंही कांहीं हरकत घेतली नाहीं. चव पातळ केलेल्या काकवीसारखी, तिच्यांत भाजलेल्या धान्याचा खमंगपणा, आणि गिळल्यावर घशांत मेथीच्या दाण्यासारखा कडवटपणा. तो गोड आहे का कडू, हें माझी जीभ बराच वेळ ठरवूं शकली नाहीं.

संध्याकाळीं हा उकळलेला रस भट्टीघराच्या वरच्या बाजूस एका विस्तीर्ण उथळ परातींत सोडतात. रात्रभर वाऱ्यावर तो निवतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ज्याचा त्याचा रस ज्याच्या त्याच्या घरीं जातो. पूर्वीं लांकडी बुधले पाठीवर घेऊन माणसें तो नेत. आतां टाकी चढविलेली गाडी येते. एवढ्यापुरतें सगळें सामायिक: हंडा एक, पाणी एक, परात एक. येथून पुढें जो तो आपल्या तळघराचा धनी.

आणि खरी जादू तळघरांतच होते. निवलेल्या रसांत किण्व, म्हणजे ज्याला इंग्रजींत यीस्ट म्हणतात तें, घालावें लागतें. आपल्या गृहिणी विरजण घालतात तसेंच हें. विरजणाचें शास्त्र ठाऊक नसतांही आपल्या आज्यापणज्यांनीं उत्तम दहीं लावलें. तिकडेही तेंच झालें. १५१६ सालीं बव्हेरियाच्या ड्यूकनें एक प्रसिद्ध नियम केला कीं, बीअर जव, हॉप आणि पाणी यांचीच करावी. त्यांत किण्वाचें नांवही नाहीं! कारण रस आंबवणारा हा जीव डोळ्यांना दिसत नव्हता. पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाचा बीअरवरील ग्रंथ १८७६ सालीं निघाला, आणि डेन्मार्कमधील हान्सेननें १८८३ सालीं एकाच जातीचें शुद्ध किण्व वाढवून दाखविलें. तोंपर्यंत हा कामकरी बिनपगारी आणि बिननांवाचाच राबत होता. त्सोइग्लचें किण्व थंडींत काम करणारें आहे. तळघराच्या गारव्यांत आठदहा दिवस तें साखर खात राहतें आणि मग तळाशीं बसतें. त्यानंतर बीअर बंद भांड्यांत कांहीं आठवडे मुरत ठेवतात. ती गाळून नितळ करीत नाहींत, आणि टिकावी म्हणून तापवीतही नाहींत. जशी तळघरांत झाली तशी पेल्यांत येते.

आतां खुणेची गोष्ट. ज्या घरची बीअर पिण्याजोगी झाली तें घर आपल्या दारावर काठीला एक षट्कोनी चांदणी टांगतें. एकमेकांत गुंफलेले दोन त्रिकोण, आपण देवघरापुढें रांगोळीनें काढतों तसे. ज्यू लोकांचें चिन्हही असेंच दिसतें, परंतु बीअर करणाऱ्यांची ही चांदणी निराळ्या परंपरेंतली आहे. न्यूरेंबर्ग येथें एका धर्मादाय आश्रमांतील वृद्ध कारागिरांचीं चित्रें असलेली जुनी वही आहे. तिच्यांतील सुमारें १४२५ सालच्या एका चित्रांत बीअर करणारा कारागीर हंडा ढवळीत आहे आणि वर हीच चांदणी लटकते आहे. एका त्रिकोणाचीं टोकें म्हणजे अग्नि, जल आणि वायु. दुसऱ्याचीं म्हणजे पाणी, जव आणि हॉप, असा अर्थ लोक सांगतात. किण्वाला येथेंही जागा नाहीं, हें आपल्या ध्यानांत आलेंच असेल.

चांदणी टांगली कीं घराचें दार सर्वांना उघडें. पूर्वीं खरोखरच घरच्या माणसांची बसावयाची खोली रिकामी करून तेथें गांवकरी बसत. आतां बहुतेकांनीं यासाठीं वेगळी खोली केली आहे. हें दार उघडतें तें साधारणतः महिन्यांतून एकदां, शुक्रवारपासून सोमवारपर्यंत. पुढच्या आठवड्यांत चांदणी दुसऱ्याच्या दारीं. कोणाची पाळी कधीं, याचें वर्षाचें पंचांग छापलेलें असतें.

आम्ही त्या दिवशीं दोन घरीं गेलों, दुपारीं विंडिशेशेनबाखला आणि दिवेलागणीला नॉयहाउसला. दोन्हींकडे आम्हीं दोघांत मिळून एकच पेला मागविला, आणि त्यांतला मोठा वांटा जांवयांचा होता. पहिल्या घरची बीअर तांबूस पिवळी, जराशी गढूळ. फेस बेताचा. तोंडाला प्रथम लागला तो भाकरीच्या खरपूस पापुद्र्याचा स्वाद, मग मधासारखी अस्पष्ट गोडी, आणि शेवटीं हलका कडवटपणा. नॉयहाउसच्या घरची दिसावयास तशीच, पण जिभेवर अगदीं निराळी: गोडी कमी, कडूपणा धीट, घोट गिळल्यावर तोंड कोरडें आणि स्वच्छ. मला वाटलें होतें कीं, एकाच तऱ्हेनें केलेल्या दोन बीअरींत माझ्यासारख्या अनभ्यस्त माणसाला काय फरक कळणार! परंतु तो डोळे मिटूनही कळला असता. जवाची निवड, हॉपचें माप, किण्व कोठून आणलें, तळघर किती गार, आणि किती दिवस मुरत ठेवली, हें प्रत्येक घर आपल्या मनानें ठरवितें. एकाच विहिरीच्या पाण्यावर दोन सुगरणींची आमटी कधीं सारखी झाली आहे काय?

पेयाहून मला अधिक पाहण्यासारखी वाटली ती खोली. लांबलचक मेजें, रिकामी जागा दिसेल तेथें बसावयाचें, मग शेजारीं कोणीही असो. आमच्या मेजावर एक सुतार, एक निवृत्त टपालवाला आणि आपल्या नातीला घेऊन आलेली एक आजीबाई. कोपऱ्यांत चौघांचा पत्त्यांचा डाव. खावयास पाव, चीज आणि मांसाचे थंड पदार्थ. मीं पाव-चीजवर भागविलें. वाढणारी घरची सून, हिशेब करणारा घरचा मुलगा. कोणीं आवाज चढविला तर आजीबाई त्याच्याकडे पाहत, आणि तो आवाज खालीं येई. ज्यानें बीअर केली तो स्वतः मेजामेजाशीं येऊन कशी झाली म्हणून विचारीत होता. अशा ठिकाणीं वाईट माल देणें कठीण, आणि वाईट वागणेंही कठीण.

मीं यजमानांना एक मास्तरी प्रश्न विचारला. एवढे लोक लांबून येतात, तर महिनाभर दार उघडें कां ठेवीत नाहीं? त्यांना प्रश्नाचेंच नवल वाटलें. मी रोज उघडलें तर शेजाऱ्यानें कधीं उघडावें, अशा अर्थाचें कांहींसें ते बोलले आणि दुसऱ्या मेजाकडे वळले. त्यांच्या दृष्टीनें त्यांत समजावून सांगण्यासारखें कांहींच नव्हतें.

मला मात्र त्या उत्तरानें एकदम बागलाणांत आणून सोडलें. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर बंधारे घालून फड पद्धतीनें शेती करणारीं आमचीं गांवें असेंच बोलत आलीं. पाणी सर्वांचें, वांटणारा पाटकरी सर्वांचा, आणि पाळी ठरलेली. पहिल्या शेतकऱ्यानें पाट अडवून ठेवला तर शेवटल्याचें पीक जळतें, हें सांगावयास तेथें पुस्तक लागत नाहीं. बीअर आणि पाटाचें पाणी यांची योग्यता एक नव्हे. परंतु दोहोंकडे माणसाची हांव बांधून ठेवणारी दोरी एकच आहे.

ही पाळी टिकली कशी, हाही विचार करण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लिंडेचीं शीतयंत्रें आलीं, आगगाडी आली, बाटल्या आल्या. तळघर थंड ठेवण्यासाठीं हिंवाळ्यावर अवलंबून राहण्याचें कारण उरलें नाहीं. मोठे कारखाने बारमहा बीअर करूं लागले आणि ती दूरदूर जाऊं लागली. लहान भट्टीघरें एकामागून एक बंद पडलीं. ओबरफाल्त्सचा हा कोपरा गरीब आणि आडबाजूचा. म्हणूनच तेथें जुनें थोडें अधिक काळ तगलें असावें. पुढें त्याचीच कीर्ति झाली, तेव्हां कारखान्यांनींही 'त्सोइग्ल' हें नांव छापून बाटल्या विकावयास काढल्या. मग सामायिक भट्टीघरांत बीअर करणाऱ्यांनीं एकत्र येऊन आपली वेगळी खूण ठरविली. २०१८ सालीं जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादींत या परंपरेचा समावेश झाला. सन्मान खरा, परंतु हंड्याखालीं जाळ घालावयास यादी येत नाहीं, घरचें तरुण माणूस यावें लागतें. ज्या घरचीं मुलें शहरांत गेलीं त्या घराची चांदणी एक दिवस माळ्यावर जाते. आणि घरें कमी झालीं कीं हंड्याचे पैसे कमी होतात, भट्टीघराचा भार उरलेल्यांवर पडतो. सामायिक वस्तूचा हा धोका आहे. ती मोडूं लागली कीं एकट्याची मोडत नाहीं.

आपल्याकडे या बाबतींत काय झालें? कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें एक प्रकरण आहे. मद्याच्या विक्रीवर राजाचा कडक अंमल असावा, असें त्यांत आहे. परंतु विशेष कार्यप्रसंगीं कुटुंबांना घरीं श्वेतसुरा करण्याची, आणि उत्सव-यात्रांच्या वेळीं चार दिवस ती करूं देण्याची मोकळीकही तेथें सांगितली आहे. चार दिवस! नॉयहाउसची चांदणीही चारच दिवस असते, हें पाहून मला मौज वाटली. पुढें इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्यांत १८७८ चा अबकारी कायदा आला. ठाणें-कुलाब्याकडे तर १८९२ च्या कायद्यानें मोहाचीं फुलें बाळगण्यावरही निर्बंध पडले. घराचा आणि पाड्याचा हक्क गेला. मक्तेदाराचें दुकान आलें. मक्तेदाराला पाळी नसते. त्याचें दार रोज उघडें, आणि जितकी खपेल तितकी हवीच. मग त्याचा अतिरेक पाहून १९४९ सालीं दारूबंदीचा कायदा झाला. त्या कायद्यान्वयें आजही महाराष्ट्रांत मद्य पिण्यास परवाना लागतो, आणि त्याच वेळीं सरकारच्या तिजोरींत मद्यावरील कराचा भरणाही होत असतो. एका टोकाला बंदी, दुसऱ्या टोकाला बारमहा दुकान. या दोहोंच्या मध्यें कांहीं असूं शकतें, ही गोष्टच आपण विसरलों.

अलीकडे आपल्याकडेही लहान प्रमाणावर बीअर करण्याची हौस वाढली आहे. २००९ सालीं पुण्यांत निघालेल्या अशा एका आरंभींच्या भट्टीनें 'दूलाली' हें नांव घेतलें. नाशिकजवळच्या देवळालीचें गोऱ्या सोजिरांच्या तोंडीं झालेलें तें रूप! स्वदेशीं परत जाण्यासाठीं बोटीची वाट पाहत तेथें पडून राहिलेल्या सोजिरांचें डोकें फिरे, त्यावरून इंग्रजींत 'वेडा' या अर्थानें तो शब्द रूढ झाला. आमच्या जिल्ह्याची ही कीर्ति मला ठाऊक होती, पण ती पेल्यापर्यंत पोहोंचेल असें वाटलें नव्हतें. या भट्ट्यांतील कारागिरी चांगली असेल. तिच्याविषयीं मला तक्रार नाहीं. मात्र लहान असणें निराळें आणि पाळीनें असणें निराळें. लहान दुकानालाही मोठें व्हावयाचें असतें. त्सोइग्लच्या घराला मोठें होतां येत नाहीं, आणि व्हावेंसें वाटतही नाहीं.

आतां जी गोष्ट मला टाळतां येणार नाहीं ती सांगतों. माझ्या वर्गांत गणितांत अतिशय चलाख असा एक मुलगा होता. आठवड्याचा बाजार झाला कीं दुसऱ्या दिवशीं तो हटकून उपाशी येई. बापाची मजुरी बाजाराच्या दिवशींच गुत्त्यावर संपे. सातवींत त्यानें शाळा सोडली आणि वीटभट्टीवर गेला. असे एकदोन नव्हे, पुष्कळ पाहिले. म्हणून त्या जर्मन खोलींतील मौज मला आवडली तरी तिनें माझे डोळे दिपले नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्टच सांगितलें आहे कीं, आरोग्याला निर्धोक ठरेल असें मद्याचें कोणतेंही प्रमाण नाहीं. तें जर्मनांनाही लागू आहे आणि आपल्यालाही. त्या देशांतही मद्यानें मोडलेलीं घरें आहेत, आणि चांदणीखालीं बसल्यानें मद्याचा गुण बदलत नाहीं.

पण एवढें मात्र मीं पाहिलें. त्या गांवानें या वस्तूभोंवतीं चार कुंपणें घातलीं आहेत. काळाचें कुंपण: चार दिवस, मग दार बंद. मापाचें कुंपण: तळघरांत जेवढें झालें तेवढेंच, संपलें कीं चांदणी उतरली. जागेचें कुंपण: ज्यानें केलें त्याच्याच घरीं, त्याच्या लेकीसुनांच्या देखत. आणि हांवेचें कुंपण: शेजाऱ्याची पाळी. यांतील एकही कुंपण शिपायानें राखलेलें नाहीं. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या बापाभोंवतीं यांतलें एकही नव्हतें. गुत्ता रोज उघडा होता, दारू संपत नव्हती, विकणारा त्याला ओळखत नव्हता, आणि पोराला तेथें येऊन हांक मारण्याची सोय नव्हती.

श्रोतेहो, तिकडची बीअर इकडे आणण्याचें कारण नाहीं. ती तळघर सोडून फार लांब टिकतही नाहीं. तिच्याबरोबरची पाळी मात्र आपलीच जुनी वस्तु आहे. विहिरीवर, पाटावर, गिरणीवर, गांवच्या जात्रेंत ती आपण पाळत होतों. जेथें जेथें ती मोडली, तेथें कोणाचें तरी दार बारमहा उघडें राहिलें आणि कोणाचें तरी कायमचें मिटलें. आपल्या आळींत, आपल्या संस्थेंत अशी एखादी सामायिक वस्तु अजून चालू असेल, तर तिची पाळी कोण राखतो आहे याची या आठवड्यांत जरा चौकशी करावी, आणि त्या माणसाला एक नमस्कार करावा.